यीस्टच्या जनुकांचा ऑनलाइन माहितीकोश : रचना, पुरावा आणि उपयोग

प्रस्तावना

बेळगाव शहराच्या दक्षिण भागातील अनगोळ, वडगाव, शहापूर या वस्त्यांतील बेकऱ्यांत पावाचे पीठ मळताना त्यात थोडे यीस्ट घातले जाते. निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यात साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल तयार होते, तेही यीस्टच्याच साहाय्याने. पीठ फुगविणारा आणि मळी आंबविणारा हा एकपेशीय जीव म्हणजे 'सॅकरोमायसिस सेरेव्हिसी'. मराठीत त्याला किण्व असेही म्हणतात. रोजच्या व्यवहारात त्याची दखल फारशी कोणी घेत नाही. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत मात्र ज्या मोजक्या सजीवांच्या जनुकांचा अत्यंत बारकाईने अभ्यास झाला आहे त्यांत यीस्टचा क्रम फार वरचा लागतो.

या अभ्यासातून हजारो शोधनिबंध निर्माण झाले. एकेका जनुकाविषयी वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या नावांनी लिहिले गेले. ही सर्व माहिती एकत्र आणून, तिची छाननी करून ती जगातील कोणाही अभ्यासकाला विनामूल्य उपलब्ध करून देण्याचे काम 'सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेस' अर्थात एसजीडी हा ऑनलाइन माहितीकोश करतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून तो चालविला जातो.

हा माहितीकोश कसा रचला आहे, त्यातील विधानांना कोणत्या पुराव्याचा आधार असतो आणि बेळगाव-निपाणी सीमाभागातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला त्याचा काय उपयोग होऊ शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. केवळ माहिती साठविली म्हणजे ज्ञान तयार होत नाही. प्रत्येक वस्तूला एक निश्चित ओळख आणि प्रत्येक विधानाला एक तपासता येण्याजोगा आधार दिला, तरच साठविलेली माहिती विश्वासार्ह ठरते. हा लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

१. संशोधनासाठी यीस्टचीच निवड का?

यीस्ट हा एकपेशीय असला तरी जीवाणूंच्या वर्गातला नाही. माणसाच्या पेशीप्रमाणेच त्याच्या पेशीत स्वतंत्र केंद्रक असते आणि केंद्रकात गुणसूत्रे असतात. यीस्टच्या एकेरी संचात १६ गुणसूत्रे आहेत. अनुकूल परिस्थितीत त्याची पेशी सुमारे दीड ते दोन तासांत दुप्पट होते. ते साध्या साखरेवर वाढते, त्याला जागा कमी लागते आणि त्यातील एखादे जनुक काढून टाकणे किंवा बदलणे तुलनेने सोपे आहे.

पेशीची अनेक मूलभूत कामे यीस्टमध्ये व माणसात सारख्याच पद्धतीने चालतात. पेशीविभाजनाच्या चक्रावर यीस्टमध्ये काम करणारे लेलंड हार्टवेल २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. पेशीतील वाहतुकीच्या संशोधनासाठी रॅन्डी शेकमन यांना २०१३ मध्ये इतर दोघांसह, तर पेशी स्वतःचेच जुने घटक मोडून पुन्हा कसे वापरते याच्या संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळाले. या दोघांचेही पायाभूत प्रयोग यीस्टवरच झाले होते.

यीस्ट व माणूस यांच्यातील साम्य किती खोल आहे, याचा एक ठळक पुरावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. टेक्सास विद्यापीठातील आशिक काचरू व त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या जगण्यासाठी अत्यावश्यक असलेली ४१४ जनुके निवडली आणि प्रत्येकाच्या जागी त्याच्याशी जुळणारे मानवी जनुक बसवून पाहिले. जवळजवळ निम्म्या वेळा मानवी जनुकाने यीस्टला जिवंत ठेवले. यीस्ट व माणूस यांचे पूर्वज सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असे मानतात. हे लक्षात घेतले की या निष्कर्षाचे महत्त्व कळते. यीस्टच्या जनुकाची नोंद म्हणजे पुष्कळदा मानवी रोगाच्या अभ्यासाची पहिली पायरी असते.

२. माहितीचा पूर आणि माहितीकोशाची स्थापना

यीस्टच्या जनुकांचे नकाशे करण्याचे काम संगणकाच्या आधीपासून चालू होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील रॉबर्ट मॉर्टिमर यांनी अनेक दशके हे नकाशे संकलित करून वेळोवेळी प्रसिद्ध केले. जनुकांच्या नावांची नोंद ठेवण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. जनुकांची संख्या शेकड्यांत होती तोवर हे काम एका व्यक्तीच्या देखरेखीखाली होऊ शकले.

पुढे परिस्थिती बदलली. १९९२ मध्ये यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्राचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला. त्यासाठी युरोपातील ३५ प्रयोगशाळा एकत्र आल्या होत्या. १९९६ मध्ये संपूर्ण जनुकसंचाचा क्रम पूर्ण झाला. पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांपैकी ज्याचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला असा हा पहिला सजीव. युरोप, उत्तर अमेरिका व जपानमधील सुमारे ६०० वैज्ञानिक या कामात सहभागी होते. १ कोटी २० लाखांहून अधिक अक्षरांच्या त्या क्रमात प्रथिने घडवू शकतील अशी ५,८८५ संभाव्य जनुके असल्याचे तेव्हा मांडले गेले. त्यांपैकी फार मोठ्या भागाचे कार्य कोणालाच ठाऊक नव्हते.

या सुमारास डेव्हिड बॉटस्टीन व मायकेल चेरी यांच्या पुढाकाराने स्टॅनफर्डमध्ये एसजीडीची उभारणी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी त्यासाठी निधी दिला. जनुकांच्या नावांची नोंदवहीदेखील मॉर्टिमर यांच्याकडून या कोशाकडे आली. एका तज्ज्ञाच्या स्मरणावर व पत्रव्यवहारावर चालणारे काम अशा रीतीने संस्थेकडे सोपविले गेले.

३. नावांचा प्रश्न

माहितीकोशापुढचा पहिला प्रश्न संगणकाचा नसतो, तो नावांचा असतो. याचा अनुभव बेळगावकरांना वेगळ्या संदर्भात आहेच. मराठी बोलण्यात बेळगाव, इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत बेलगाम आणि २०१४ पासून सरकारी दप्तरात बेळगावी. एकाच शहराची ही तीन रूपे संगणकाला तीन वेगळी गावे वाटू शकतात. जमिनीच्या बाबतीत हा घोटाळा होत नाही, कारण उताऱ्यावर सर्व्हे नंबर असतो. मालक बदलला, शेताचे बोलीतले नाव बदलले, तरी नंबरावरून जमीन ओळखता येते.

यीस्टच्या जनुकांबाबत हीच युक्ती वापरली आहे. प्रत्येक जनुकाला दोन प्रकारची नावे असतात. पहिले प्रचलित नाव. त्यात तीन अक्षरे व एक क्रमांक असतो. गॅलॅक्टोज ही शर्करा वापरण्याशी संबंधित जनुकांना गॅल-१, गॅल-४, गॅल-७ अशी नावे आहेत. हे नाव सहसा जनुकाचा शोध लावणारा गट सुचवितो. नाव आधी एसजीडीकडे राखून ठेवता येते आणि शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावर ते पक्के होते.

दुसरे पद्धतशीर नाव. ते जनुकाच्या जागेवरून ठरते. उदाहरणार्थ 'वाय-जे-एल-२१२-सी' या नावातील वाय म्हणजे यीस्ट, जे हे दहावे अक्षर म्हणजे दहावे गुणसूत्र, एल म्हणजे गुणसूत्राची डावी भुजा, २१२ म्हणजे गुणसूत्रबिंदूपासून मोजत गेल्यावरचा क्रमांक आणि सी म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी क्रिक यांच्या नावाने ओळखला जाणारा धागा. दुसरा धागा वॉटसन यांच्या नावाचा असून त्यासाठी डब्ल्यू हे अक्षर वापरतात. दोन क्रमांकांच्या मध्ये नवे जनुक सापडले तर पुढचे सर्व क्रमांक बदलत नाहीत. सर्व्हे नंबरचा पोटहिस्सा करावा त्याप्रमाणे जुन्या नावापुढे 'ए' असे अक्षर जोडतात. याशिवाय कोशाच्या अंतर्गत वापरासाठी प्रत्येक जनुकाला एक स्थिर ओळखक्रमांक दिलेला असतो.

वर दिलेले वाय-जे-एल-२१२-सी हे जनुक भारतीय वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. चंडीगड येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील आनंद बच्छावत यांच्या गटाने फ्रेंच सहकाऱ्यांसह २००० मध्ये दाखविले की, ग्लुटाथायोन हे संरक्षक संयुग बाहेरून पेशीत आणण्याचे काम या जनुकाचे प्रथिन करते. त्यांनी त्याला 'एचजीटी-१' असे नाव दिले. त्याच काळात दुसऱ्या गटाने लहान प्रथिनतुकड्यांचा वाहक म्हणून त्याच जनुकाला 'ओपीटी-१' म्हटले. आणखी एका गटाने 'जीएसएच-११' हे नाव वापरले. शिवाय कॅन्डिडा या वेगळ्या यीस्टमध्ये 'एचजीटी-१' हे नाव ग्लुकोजच्या वाहकाला दिलेले आहे. म्हणजे एका जनुकाला तीन नावे आणि एका नावाची दोन जनुके. केवळ नावावर विसंबून शोध घेणारा विद्यार्थी येथे हमखास चुकेल. एसजीडीने ओपीटी-१ हे प्रमाण नाव मानले, बाकीची दोन नावे पर्यायी म्हणून नोंदविली आणि तिन्ही नावांचे शोधनिबंध एकाच पानावर आणले. कोणाचाही शोध त्यामुळे हरवला नाही.

४. नोंदींची रचना

शाळेत विद्यार्थ्याला जनरल रजिस्टरचा एक क्रमांक मिळतो. गुणपत्रक, फी व दाखला यांच्या नोंदी वेगवेगळ्या वह्यांत असल्या तरी त्या क्रमांकामुळे एकमेकींशी जोडल्या जातात. एसजीडीची रचनाही तत्त्वतः अशीच आहे. जनुकांचा एक तक्ता, शोधनिबंधांचा दुसरा, यीस्टच्या वाणांचा तिसरा, निरीक्षणांचा चौथा, असे अनेक तक्ते ओळखक्रमांकांनी परस्परांना जोडलेले असतात. अशा रचनेला संबंधाधिष्ठित माहितीकोश म्हणतात. एखादी गोष्ट एकाच ठिकाणी लिहिली जाते आणि जेथे लागेल तेथे क्रमांकाच्या आधारे दिसते. त्यामुळे दुरुस्तीही एकाच ठिकाणी करावी लागते.

वापरणाऱ्याला मात्र हे तक्ते दिसत नाहीत. त्याला जनुकाचे एक पान दिसते. त्यात सारांश, डीएनएचा क्रम, प्रथिनाची माहिती, कार्य, जनुक बिघडल्यावर दिसणारी लक्षणे, इतर जनुकांशी असलेले संबंध, नियमन आणि शोधनिबंधांची यादी असे विभाग असतात.

हे पान आपोआप तयार होत नाही. जीवशास्त्रात उच्च शिक्षण घेतलेले क्युरेटर, म्हणजे नोंदी तपासून लिहिणारे अभ्यासक, नव्याने प्रसिद्ध झालेले शोधनिबंध नियमितपणे चाळतात. कोणता निबंध कोणत्या जनुकाविषयी आहे, त्यात खरोखर काय सिद्ध झाले आहे, प्रयोग कोणत्या वाणावर केला होता, हे पाहून ते ठरावीक शब्दांत नोंद करतात. ठरावीक शब्दांचा आग्रह महत्त्वाचा आहे. एकाने 'वाढ मंद' लिहिले, दुसऱ्याने 'वाढीचा वेग घटला' आणि तिसऱ्याने 'वसाहती लहान', तर संगणक त्यांना एकत्र आणू शकत नाही.

हीच अडचण माशी व उंदीर यांच्या माहितीकोशांनाही येत होती. म्हणून १९९८ मध्ये यीस्ट, फळमाशी व उंदीर यांचे तीन कोश एकत्र आले आणि त्यांनी 'जीन ऑन्टॉलॉजी' ही सामाईक शब्दावली सुरू केली. तिचे तीन भाग आहेत. प्रथिन प्रत्यक्ष कोणते काम करते हा पहिला, ते कोणत्या जैविक प्रक्रियेत भाग घेते हा दुसरा आणि ते पेशीत कोठे आढळते हा तिसरा. या शब्दावलीमुळे यीस्टमधील एखाद्या जनुकाची नोंद उंदराच्या किंवा माणसाच्या जनुकाशी थेट ताडून पाहता येते.

५. विधान आणि त्याचा आधार

एसजीडीतील प्रत्येक कार्यविषयक विधानासोबत दोन गोष्टी नोंदविलेल्या असतात : ते विधान कोणत्या शोधनिबंधावरून केले आणि पुरावा कोणत्या प्रकारचा आहे. पुराव्याच्या प्रकारासाठी तीन अक्षरांचे संकेत ठरविले आहेत. 'आयडीए' म्हणजे प्रथिनावर प्रत्यक्ष केलेली परीक्षा. 'आयएमपी' म्हणजे जनुकात बदल केल्यावर दिसलेल्या परिणामावरून काढलेला निष्कर्ष. 'आयएसएस' म्हणजे दुसऱ्या ज्ञात क्रमाशी असलेल्या साम्यावरून बांधलेला अंदाज. 'आयईए' म्हणजे संगणकाने आपोआप केलेली नोंद, जी कोणा अभ्यासकाने स्वतंत्रपणे तपासलेली नाही.

इस्लामी विद्यापरंपरेची ओळख असलेल्या वाचकाला ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. हदीसच्या संकलकांनी वचनाच्या मजकुराबरोबर त्याची इस्नाद, म्हणजे ते कोणाकडून कोणाकडे आले याची साखळी, जतन केली. इमाम बुखारी (इ.स. ८१०–८७०) यांच्यासारख्या संकलकांनी त्या साखळीतील प्रत्येक कथनकर्त्याची कसोशीने तपासणी केली. हदीसशास्त्रात सहीह, हसन, जईफ अशा प्रती ठरविल्या गेल्या. जईफ ठरलेले कथन सरसकट पुसून टाकले गेले नाही. त्याची प्रत सांगून ते नोंदविले गेले, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला त्याचे वजन कळावे. धर्मशास्त्र आणि प्रयोगशास्त्र यांची क्षेत्रे व कसोट्या वेगळ्या आहेत, हे उघडच आहे. तरीही विधान आणि त्याचा आधार यांची फारकत होऊ द्यायची नाही ही शिस्त दोन्हीकडे दिसते.

६. गॅल जनुकांचे उदाहरण

पुराव्याचा प्रकार पाहणे का आवश्यक आहे, हे गॅल जनुकांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. दुधातील साखरेचा एक घटक गॅलॅक्टोज आहे. यीस्टला गॅलॅक्टोज मिळाले की त्याची गॅल जनुके कार्यान्वित होतात. गॅल-४ चे प्रथिन ही जनुके चालू करते, गॅल-८० चे प्रथिन गॅल-४ ला रोखून धरते आणि गॅल-३ चे प्रथिन गॅलॅक्टोज आल्यावर ती रोख उठविते.

गॅल-१ आणि गॅल-३ यांचे क्रम एकमेकांशी खूप जुळतात. गॅल-१ चे प्रथिन गॅलॅक्टोजला फॉस्फेट जोडणारे विकर आहे. केवळ क्रमसाम्य पाहणारा संगणक गॅल-३ लाही तेच विकर ठरवील. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र यीस्टच्या गॅल-३ प्रथिनात ते काम करण्याची क्षमता आढळत नाही. एके काळी गॅल-३ हे एखादे संदेशवाहक संयुग तयार करणारे विकर असावे, असे मानले जात होते. १९९२ मध्ये पी. जे. भट आणि जेम्स हॉपर यांनी दाखविले की, पेशीत गॅल-१ किंवा गॅल-३ चे प्रथिन नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त तयार केले तर गॅलॅक्टोज नसतानाही गॅल-४ कार्यान्वित होते. यावरून त्यांनी नियमनाचे नवे प्रतिमान मांडले. संयुग तयार करण्यापेक्षा गॅल-३ चे प्रथिन स्वतःच संदेश पुढे नेते, ही समजूत पुढील संशोधनाने दृढ झाली. पी. जे. भट यांनी पुढे मुंबईच्या आयआयटीत याच विषयावर दीर्घकाळ संशोधन केले आणि २००८ मध्ये या जनुकसमूहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

एसजीडीत गॅल-३ चे पान उघडणाऱ्याला निष्कर्षाबरोबर त्याच्यामागील शोधनिबंधही क्रमाने पाहता येतात. साम्यावरून केलेला अंदाज आणि प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर किती असू शकते, हे येथे कळते. आधार न देता 'गॅल-३ हे विकर आहे' एवढेच कोठे लिहिले गेले असते, तर ते वाक्य एका कोशातून दुसऱ्या कोशात, तेथून पाठ्यपुस्तकात गेले असते आणि चूक मूळ कोठे झाली हे शोधणेही अवघड झाले असते.

गॅल-७ चे उदाहरण मानवी आरोग्याशी निगडित आहे. त्याच्याशी जुळणाऱ्या मानवी जनुकाला 'जीएएलटी' म्हणतात. त्यात दोष असलेल्या बालकाला गॅलॅक्टोसेमिया हा आनुवंशिक विकार होतो. दुधातील साखर त्याला पचविता येत नाही आणि वेळीच निदान होऊन दूध बंद झाले नाही तर यकृताला व जिवाला धोका संभवतो. यीस्टमध्ये गॅल-७ काढून टाकले असता तेही गॅलॅक्टोज मिळताच वाढणे थांबविते, कारण अर्धवट प्रक्रिया झालेले गॅलॅक्टोज पेशीत साचून राहते. मानवी जनुकात आढळणारा एखादा बदल घातक आहे की निरुपद्रवी, हे तपासण्यासाठी यीस्टचा उपयोग होतो तो या साम्यामुळे.

७. भारतातील कार्य

जगाच्या या सामाईक कोशात भारतीय संशोधकांनी दिलेली नावेही कायम झाली आहेत. बच्छावत यांच्याच गटाने २००७ मध्ये ग्लुटाथायोनचे विघटन करणारा एक नवा मार्ग शोधून त्यातील जनुकांना डग-१, डग-२ व डग-३ अशी नावे दिली. ग्लुटाथायोन वापरण्यातील उणीव या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. आज जगात कोणीही या जनुकांविषयी लिहिताना चंडीगडच्या प्रयोगशाळेने दिलेलीच नावे वापरतो.

जैविक माहितीच्या संगणकीय व्यवस्थेत महाराष्ट्राचा वाटाही जुना आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ मध्ये जैवतंत्रज्ञान माहितीचे देशव्यापी जाळे सुरू केले. त्या सुमारासच पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र उभे राहिले आणि अशोक कोळसकर यांच्या नेतृत्वाखाली त्याने देशात नाव मिळविले. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथे यीस्टचे अनेक वाण क्रमांकासह जतन केलेले असून ते संशोधनासाठी पुरविले जातात. हरियाणातील फरिदाबाद येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय जैविक माहिती केंद्राचे लोकार्पण झाले. सार्वजनिक निधीतून निर्माण झालेली जैविक माहिती देशातच सुरक्षित ठेवावी, हा त्यामागचा हेतू आहे.

८. मर्यादा आणि घ्यावयाची काळजी

एसजीडीचा प्रमाण क्रम 'एस२८८सी' या एका वाणाचा आहे. हा वाण मुख्यतः १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका सडक्या अंजिरावर मिळालेल्या यीस्टपासून आला. बेकरीतील, मळी आंबविणारा किंवा आपल्याकडच्या आंबवलेल्या पदार्थांतील वाण त्याच्याहून पुष्कळ बाबतींत वेगळा असू शकतो. म्हणून कोशातील वर्णन प्रत्येक यीस्टला जसेच्या तसे लावू नये. कोणता वाण वापरला याची नोंद प्रत्येक निरीक्षणाबरोबर केलेली असते, ती वाचावी.

दुसरे असे की कोश स्थिर नसतो. १९९६ च्या क्रमातील चुका वेळोवेळी दुरुस्त केल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्याच वाणाच्या नव्या वाचनावर आधारलेली सुधारित आवृत्ती आली. पूर्वी जनुके मानलेले काहीशे क्रम आता 'संशयास्पद' या वर्गात आहेत. मात्र ते काढून टाकलेले नाहीत, कारण जुने शोधनिबंध वाचणाऱ्याला त्यांची गरज पडते. प्रकल्पात या कोशाचा आधार घेताना माहिती कोणत्या तारखेला घेतली, हे लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लावली पाहिजे.

तिसरी मर्यादा निधीची आहे. यीस्टच्या प्रथिनांचा एक उत्तम कोश अमेरिकेतील एका खासगी कंपनीने तयार केला होता. सुरुवातीला तो शैक्षणिक संशोधकांना मोफत होता, नंतर त्याला वर्गणी लागू झाली आणि लहान संस्थांना तो दुरावला. एसजीडीची माहिती श्रेयनिर्देशाच्या अटीवर सर्वांना मुक्त आहे, परंतु ती सार्वजनिक अनुदानावर अवलंबून आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत अशा कोशांचा निधी कमी करण्याचा विचार पुढे आला तेव्हा हजारो वैज्ञानिकांनी सह्यांचे निवेदन दिले. त्याच वर्षी यीस्ट, कृमी, माशी, झेब्राफिश, उंदीर व घूस या सजीवांच्या कोशांनी खर्च व काम वाटून घेण्यासाठी एक संयुक्त आघाडी स्थापन केली. २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची सरकारी अनुदाने रद्द झाल्यामुळे फळमाशीच्या कोशाला कर्मचारी कमी करावे लागले. मोफत मिळणाऱ्या माहितीची किंमत कोणीतरी देत असते, हे यावरून लक्षात यावे.

९. सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी उपयोग

महागडी उपकरणे असलेली प्रयोगशाळा अनगोळ किंवा निपाणीच्या प्रत्येक महाविद्यालयात उभी राहणे शक्य नाही. परंतु एक संगणक व इंटरनेट जोडणी असेल तर स्टॅनफर्डच्या संशोधकाला जी नोंद दिसते तीच येथील विद्यार्थ्यालाही दिसते. पदवीच्या वर्गासाठी पुढीलप्रमाणे साधा प्रकल्प आखता येईल.

(अ) गॅल-७ या नावाने शोध घेऊन जनुकाचे पद्धतशीर नाव टिपावे. ते 'वाय-बी-आर-०१८-सी' आहे. त्यावरून गुणसूत्र, भुजा व धागा ओळखावा.
(आ) जनुकाच्या कार्याविषयीची तीन विधाने निवडून प्रत्येकाचा पुरावा-संकेत व शोधनिबंधाचे वर्ष वहीत लिहावे.
(इ) जनुक काढून टाकल्यावर कोणती लक्षणे दिसतात व ती कोणत्या वाणात पाहिली, याची नोंद करावी.
(ई) प्रथिनाचा क्रम मानवी जीएएलटीच्या क्रमाशी ताडून साम्य पाहावे आणि संबंधित रोगाची माहिती स्वतःच्या शब्दांत लिहावी.
(उ) ज्या विधानाला केवळ संगणकीय आधार आहे असे एखादे शोधून, ते सिद्ध करण्यासाठी कोणता प्रयोग करावा लागेल ते सुचवावे.

यातील शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. तेथे विद्यार्थी माहितीचा केवळ ग्राहक राहत नाही, तो प्रश्न विचारू लागतो. या भागात उर्दू, मराठी व कन्नड माध्यमांतून आलेली मुले एकाच वर्गात शिकतात. कोश इंग्रजीत असला तरी त्याची शब्दावली ठरावीक व मर्यादित आहे. शंभरएक संज्ञांची बहुभाषिक सूची वर्गातच तयार केली तर भाषेची अडचण बरीच कमी होईल. प्राथमिक स्वरूपात हे काम शिक्षक व विद्यार्थी मिळून एका सत्रात करू शकतात.

निष्कर्ष

१. यीस्टच्या जनुकांचा माहितीकोश उपयुक्त ठरला तो त्यात माहिती पुष्कळ आहे म्हणून नव्हे, तर प्रत्येक जनुकाला एक ओळख व प्रत्येक विधानाला एक आधार दिला आहे म्हणून.
२. ओपीटी-१ च्या उदाहरणावरून नावांच्या शिस्तीचे आणि गॅल-३ च्या उदाहरणावरून पुराव्याच्या शिस्तीचे महत्त्व सिद्ध होते.
३. संगणकाने केलेली नोंद हा अंदाज असतो. प्रयोग आणि जाणकार अभ्यासकाची छाननी यांना तो पर्याय ठरू शकत नाही.
४. असे कोश मुक्त राहिले तरच लहान गावांतील संस्थांना त्यांचा लाभ होतो. ते मुक्त ठेवण्यासाठी सार्वजनिक निधी आवश्यक आहे.
५. सीमाभागातील महाविद्यालयांनी अशा कोशाचा वापर अभ्यासक्रमातील लघुप्रकल्पांत केला तर अल्प खर्चात संशोधनाची दृष्टी रुजविता येईल.

'हे कशावरून?' हा प्रश्न विचारण्याची सवय ही शिक्षणाची मोठी देणगी आहे. ओंजळभर पिठात फुगणाऱ्या यीस्टच्या सहा हजार जनुकांचा हा कोश प्रत्येक पानावर त्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवतो. जेथे उत्तर नाही, तेथे ते नाही असे प्रामाणिकपणे नोंदवितो. विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून माहितीबरोबर ही शिस्तही घ्यावी.